पुलाजवळ थांबणारी गाडी

दुपारची जेवणं आटोपली, म्हशींना पाणी दाखवून झालं, की सिंधुबाई ओसरीतल्या झोपाळ्यावर आडव्या होत. पायाच्या अंगठ्याने भिंतीला हलकासा रेटा दिला की झोपाळा आपला हलत राही, कड्या कुरकुरत, आणि त्या कुरकुरीच्या तालावर सिंधुबाईंचे डोळे अर्धे मिटत. पूर्ण मिटत नसत. पूर्ण मिटले की झोप लागते, आणि झोपेत माणूस कुठं जाईल ते त्याच्या हातात नसतं. अर्ध्या मिटल्या डोळ्यांत मात्र स्टिअरिंग स्वतःच्या हातात राहतं. असं त्यांचं मत होतं, आणि ब्राह्मणपुरीत या विषयावर दुसऱ्या कुणी मत मांडलेलं नसल्यामुळे तेच खरं मानायला हरकत नाही.

तर झोपाळ्यावर सिंधुबाई गाडी चालवत. गाव मागे पडे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यांची पानं वाऱ्याने फाटून झालर झालेली. मग शहादा, बसस्टँडची गर्दी, गर्दीतून हळूच बाहेर. मग उसाच्या ट्रॉल्या, पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडून येणारा मळीचा गोडसर आंबूस वास. काचा खाली करून तो वास त्या मुद्दाम आत घेत. मग सारंगखेडा, आणि तापीचा पूल. पुलाच्या जरा अलीकडे एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली मोकळी जागा आहे. तिथं गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं आणि पाणी बघायचं. बस्स, एवढंच.

एवढ्यासाठी गाडी? असं कुणी विचारलं असतं तर सिंधुबाईंना उत्तर देता आलं नसतं, म्हणून त्या कुणाला सांगतच नसत. त्यांचं माहेर तापीच्या पलीकडचं. लहानपणी बापाबरोबर बैलगाडीतून यायच्या, तेव्हा बैलांना पाणी पाजायला बाप गाडी नदीकडे उतरवायचा. बैल प्यायला लागले की घाई कशाची? सिंधू साटीवर बसून पाणी बघत राहायची. पाण्यावरून ऊन सरकायचं, पलीकडच्या काठावरच्या बायका मुंगीएवढ्या दिसायच्या, आणि त्या लहान पोरीला वाटायचं की आपण बघतोय म्हणून हे सगळं चाललंय. नंतर लग्न झालं आणि नदी ओलांडायची झाली ती एसटीतून, नाहीतर हिंमतरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून. एसटी कुणासाठी पुलावर थांबत नाही. आणि हिंमतराव...

हिंमतराव वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. कष्टाळू, निर्व्यसनी, केळी आणि ऊस दोन्ही नीट पिकवणारा, बायकोवर कधी आवाज न चढवलेला गुजर शेतकरी. फक्त कुठंही निघाले की पोचेपर्यंत त्यांना दम नसे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना पुलाजवळ सिंधुबाईंनी त्यांच्या खांद्यावर बोट टेकवून म्हटलं होतं, "थांबा ना जरासं." हिंमतरावांनी मान न वळवता सांगितलं, "येतांना थांबसूत." येताना अंधार पडला होता. पुढच्या वेळी येताना भूक लागली होती. त्याच्या पुढच्या वेळी मागे लेक हेमांगी तान्ही होती. पस्तीसेक वर्षं त्या पुलावरून ये-जा झाली, आणि येताना थांबायचं कधीच आलं नाही. "थांब" हा शब्द सिंधुबाईंनी जन्मभर ऐकला. थांब, केळी जाऊ दे. थांब, पोरीचं लग्न होऊ दे. पण गाडीला तो शब्द कुणी म्हटला नाही.

गाडी चालवायला त्या शिकल्या होत्या त्याला आता बरीच वर्षं झाली. हेमांगीने लग्नाआधी शहाद्यात ड्रायव्हिंगचा क्लास लावला, तिला एकटीला पाठवायचं नाही म्हणून आई सोबत गेली, आणि आई नुसती बसून राहील तर ती सिंधुबाई कसली! लेकीच्या हाती स्टिअरिंग थरथरायचं. आईने मात्र शेतात ट्रॅक्टर चालवलेला, तिला गाडी म्हणजे लोण्याची वाटली. दोघींना लायसन मिळालं. हेमांगी सुरतेला सासरी गेली, आणि आईचं लायसन देव्हाऱ्याच्या खणात, कुंकवाच्या डबीशेजारी जाऊन बसलं.

त्या दिवशी सिंधुबाई शहाद्याला तूप द्यायला निघाल्या होत्या. त्यांच्या म्हशींचं तूप रूपकंवरच्या दुकानात जायचं. रूपकंवर आणि तिचा नवरा मिश्रीलाल यांचं किराणा दुकान. मूळचे मारवाडचे, पण रूपकंवरचा जन्म शहाद्याचाच आणि बोलणं असं अहिराणी की गिऱ्हाईक फसावं. रिक्षा दोंडाईचा रस्त्याच्या कडेला एका जुन्या गाड्यांच्या आवारापाशी थांबली, आणि सिंधुबाईंना ती दिसली. पिस्त्याच्या रंगाची, लहानशी, पाच दारांची गाडी. पुढच्या काचेवर खडूने किंमत लिहिलेली. गाडी त्यांच्याकडे बघत होती. अगदी खरं सांगायचं तर आधी गाडीनेच बघितलं.

आवार मिथुन नावाच्या पोरसवदा माणसाचं होतं. त्याने इंजिन चालू करून दाखवलं, एकाच मालकाच्या हातची आहे म्हणून सांगितलं, कागद दाखवले. सिंधुबाईंनी आत बसून हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि त्यांना आतून कुठूनतरी पाण्याचा वास आला. गाडी तीन लाखांच्या जरा आतबाहेर होती. सिंधुबाईंच्या खात्यावर दुधातुपाचे जमलेले एक लाख होते. उरलेल्याचं काय, हा प्रश्न. आणि इथून पुढं त्यांच्या दुपारी जरा बिघडल्या.

कारण मनातले मांडे खाताना तुपाचा हिशेब कुणी करत नाही. पण आता तुपाचा हिशेब आला होता, आणि तो झोपाळ्यावरही पाठ सोडेना.

पहिल्या दुपारी त्यांनी हिंमतरावांच्या पैशाची गाडी चालवून बघितली. उसाचे पैसे यायचे होते, मागितले असते तर त्यांनी दिले असते. सिंधुबाईंनी अंगठ्याने भिंतीला रेटा दिला, गाडी सुरू झाली, आणि बघतात तो काय, स्टिअरिंगवर हिंमतराव! त्या स्वतः मागे, मांडीवर डबा घेऊन. पूल आला. त्यांनी खांद्यावर बोट टेकवलं. "येतांना थांबसूत," हिंमतराव म्हणाले, आणि पूल मागे पडला.

दुसऱ्या दुपारी जेठांचे पैसे. जेठ, म्हणजे हिंमतरावांचे थोरले भाऊ, शेजारच्याच घरात राहत, मनाचे मोठे, भावजयीला बिनव्याजी हातउसने द्यायला कधी मागेपुढे बघितलं नसतं. "व्याज काय लेवानं घरनं घरमा?" असं तेच म्हणाले असते. झोपाळा हलला, गाडी निघाली, आणि आत जेठ, जेठाणी, त्यांच्या दोन सुना, नातवंडं, मांडवाला न्यायच्या साड्यांचं गाठोडं. गाडी एका लग्नाहून दुसऱ्या लग्नाला जात होती. पुलावर थांबायचं नावही काढता येईना, कारण तिकडे हळद सुरू झालेली. बिनव्याजी पैशाचं व्याज असं असतं.

मग हेमांगीचा फोन आला, आणि बोलता बोलता गाडीचं निघालं. "आई, मी देते ना. यांना सांगते." सिंधुबाईंच्या डोळ्यापुढं लगेच जावई पुढच्या सीटवर बसले, हातात मोबाईल, चेहऱ्यावर अदब. जावई बसलेल्या गाडीत सासूने गिअर कसा टाकायचा? त्यांनी लेकीला म्हटलं, "तुन्हा जीव मोठा शे बेटा, पन लेकनं काही लेवानं नही ऱ्हास," आणि फोन ठेवला. बांगड्या गहाण ठेवायचाही विचार त्यांनी केला. त्या दुपारी गाडी छान चालली, शेजारी-मागे कुणी नव्हतं. पण स्टिअरिंगवरचे स्वतःचे उघडे हात बघवेनात, आणि पाण्याकडे लक्ष जाईना.

राहिली बँक. सिंधुबाईंच्या दुधाचे पैसे बँकेतच जमा होत, तेव्हा तिथल्या लोकांनी ओळख दाखवली. काचेपलीकडच्या तरुण बाईंनी नीट बसवून घेतलं, गाडीचं वय विचारलं, पासबुक बघितलं आणि म्हणाल्या, "होऊन जाईल, मावशी. साडेअकरा टक्के व्याज पडेल."

सिंधुबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

साडेअकरा टक्के! आता यात बँकेच्या बाईंचं काही चुकलं नव्हतं आणि सिंधुबाईही अडाणी नव्हत्या. सातवी शिकलेल्या, वर बचत गटाच्या खजिनदार. दर महिन्याला गावातल्या बायका त्यांच्याच ओसरीत जमत, गरजेपुरती उचल घेत आणि दोन टका व्याज भरत. पण गटाचा टका म्हणजे महिन्याचा टका. शंभराला महिन्याला दोन. बापाच्या वेळेपासून, आजाच्या वेळेपासून, गुजराच्या घरात, भिलाच्या घरात, वाण्याच्या दुकानात टका म्हटला की तो महिन्याचाच. 'महिन्याचा' असं वेगळं कुणी म्हणतही नाही, जसं 'ओलं पाणी' म्हणत नाहीत. सिंधुबाईंनी मनात आकडा मांडला: शंभराला महिन्याला साडेअकरा, म्हणजे वर्षात मुद्दलापेक्षा व्याज जास्त. त्यांनी बाईंना नमस्कार केला, दारातल्या माठातलं पाणी प्यायलं आणि बाहेर आल्या.

घरी सांगितलं तर हिंमतरावांचे डोळे मोठे झाले. "साडेअकरा? मंग पह्यलाना सावकार काय वाईट व्हता?" पीककर्ज ते दरसाल सोसायटीतून घेत आणि वेळेवर भरत, आणि वेळेवर भरलं की त्यावर व्याज पडत नाही, त्यामुळे व्याजाशी त्यांची कधी तोंडओळखच झाली नव्हती. शिवाय बायकोने बँकेत जाऊन चौकशी केली, ती आपल्याला न सांगता, हे त्यांना जरा लागलं. "पन तुले गाडी कसाले?" त्यांनी विचारलं. "कोठे जावानं ऱ्हायनं तर मी नही का नेत?" सिंधुबाई म्हणाल्या, "नेतस ना." आणि म्हशीला चारा टाकायला गेल्या.

मिथुनने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाला, "मावशी, पैशाचं टेन्शन कशाला घेता? आपल्याकडंच फायनान्स आहे. व्याज फक्त सव्वा टका!"

सव्वा! सिंधुबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. आपल्या गटापेक्षाही स्वस्त. त्या दुपारी झोपाळा असा हलला की विचारू नका. पिस्त्याच्या रंगाची गाडी, आत एकट्या सिंधुबाई. शेजारची सीट रिकामी, मागची रिकामी, खिडकीतून मळीचा वास. पुलाच्या अलीकडे त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, आणि एक गंमत झाली. गाडी थांबेना. आत कुणी नव्हतं, तरी ती जड झाली होती, भरल्या ट्रॉलीसारखी, आणि आपल्याच वजनाने पुढं पुढं ओढली जात होती. सिंधुबाई दचकून जाग्या झाल्या. वांग्याचं भरीत जरा जास्तच झालं, असं त्यांनी ठरवलं.

मिथुनच्या कागदांवर सह्या करायच्या दिवशी सकाळी त्या तुपाचा डबा घेऊन आधी रूपकंवरच्या दुकानात गेल्या. आनंद पोटात मावत नव्हता, आणि सांगायचं तर कुणाला तरी सांगायला हवंच होतं. रूपकंवर तूप मोजून घेत होती. सिंधुबाईंनी सगळं सांगितलं: बँक कशी साडेअकरा टक्क्यांनी नाडते आणि मिथुन कसा सव्वा टक्क्याने देतो.

रूपकंवरने वजनकाटा तसाच सोडला. "सिंधुबेन," ती म्हणाली, "बँकना टका कितला दिनना?"

"कितला दिनना म्हंजे? महिनाना."

रूपकंवरने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग सिंधुबाईंकडे, आणि पदर तोंडाला लावून अशी हसली की गल्ल्यावर बसलेले मिश्रीलाल चष्मा काढून बघायला लागले. "अवं मन्ही माय! बँकना टका वरीसना ऱ्हास! साडेअकरा पुरा वरीसले. महिनाले एक बी पडत नही. आनि तो पोऱ्या सव्वा म्हनस ना, तो महिनाना."

सिंधुबाई पोत्यावर बसल्या. सव्वा टका, बारा महिने मोजलं तर पंधरा. त्यांच्या गटाचा दोन टका म्हणजे चोवीस! इतकी वर्षं आपल्या ओसरीत आपणच बँकेच्या दुप्पट व्याजाची सावकारी चालवली, आणि बँकेला लुटारू म्हणून बसलो. गटाचं व्याज फिरून गटातच राहतं हे खरं, पण त्या क्षणी तेही आठवलं नाही.

"आखो एक इचार त्याले," मिश्रीलाल गल्ल्यावरून म्हणाले, "आर्धा पैसा फेडी टाका तरी व्याज पुरा रकमवर लेवाना का?"

सिंधुबाईंनी तिथूनच मिथुनला फोन लावला आणि विचारलं. मिथुन खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाला, "हो मावशी, आपल्याकडं तशीच पद्धत आहे. सगळेच घेतात."

सिंधुबाईंना स्वतःच्याच गोठ्यातलं उत्तर सुचलं. दोन म्हशी विकल्या, दावणीला एकच उरली, तरी चारा तिघींचाच आणायचा. कालची जड गाडी कशाने जड झाली होती ते आता कळलं. त्या उठल्या आणि मिथुनच्या आवाराकडे न वळता सरळ बँकेत गेल्या. काचेपलीकडच्या बाईंना काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "साडेअकरा वर्षाचेच ना?" बाई म्हणाल्या, "हो, आणि जसजसं फेडाल तसतसं व्याज उरलेल्यावरच." जुन्या गाडीवर बँक सगळी रक्कम देत नाही, पण पदरचे एक लाख होतेच. सगळं जुळलं. मग बाई म्हणाल्या, "फक्त एक जामीनदार लागेल."

गाडी पुन्हा भरू लागली.

परत दुकानात येऊन सांगितलं तर रूपकंवर लगेच म्हणाली, "हे करतीन ना सही, त्यान्हामा काय?" मिश्रीलालांनी मानही हलवली. पण त्या दुपारी झोपाळ्यावर मिश्रीलाल मागच्या सीटवर येऊन बसले. काही बोलले नाहीत, थांबू नका म्हणाले नाहीत; फक्त पाण्याकडे पाठ करून घड्याळ बघत राहिले, दुकान उघडायची वेळ झाली होती. भल्या माणसाला असं किती वेळ बसवून ठेवायचं? सिंधुबाईंनी गाडी पुढं काढली.

आता उरला तो एकच माणूस. आणि ज्याला मागे सोडून निघायचं ठरवलं, त्याच्याकडेच जायचं, हे सिंधुबाईंच्या फार जिवावर आलं.

संध्याकाळी हिंमतराव शेतातून आले, हातपाय धुऊन ओसरीत बसले. सिंधुबाईंनी चहा ठेवला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. महिन्याचा टका, वर्षाचा टका, मिथुन, जामीन. हिंमतराव ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कर्ज कसाले? ऊसना पैसा येतस. मी देस."

"तुमना पैसा नको. सही पाह्यजे."

हिंमतरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "मन्हा पैसाले काय काटा शेतस?"

सिंधुबाईंना वाटलं आता काहीतरी गुळमुळीत बोलावं, विषय टाळावा. तसं त्या नेहमीच करत आल्या होत्या. पण खरंच सांगायचं झालं तर दुसरं काही नव्हतंच. म्हणून त्या म्हणाल्या, "तुमना पैसानी गाडी पुलजोगे थांबत नही."

"कोनता पूल?"

"तापीना."

हिंमतरावांना काही समजलं नाही. कसं समजणार? "येतांना थांबसूत" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांच्या लेखी ते म्हटलंच नव्हतं. मग सिंधुबाईंनी सांगितलं. लग्नानंतरची पहिली खेप, खांद्यावरचं बोट, अंधार, भूक, तान्ही हेमांगी. भांडण म्हणून नाही सांगितलं, आवाजही चढवला नाही. बापाच्या बैलांचं सांगताना मात्र त्यांना पदराने डोळे पुसावे लागले आणि स्वतःचाच राग आला. एवढ्याशा गोष्टीचं रडू येतं याची त्यांना लाज वाटली, आणि ती गोष्ट एवढीशी नव्हती याचं दुःखही झालं.

हिंमतराव उठून गोठ्याकडे गेले. त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. सिंधुबाईंनी झोपाळा हलवला नाही. मनाशी म्हणाल्या, जाऊ दे, म्हशी आहेत, तूप आहे, हेमांगी आहे. माणसाला सगळं मिळतं असं कुठं आहे? असं म्हणून माणूस गप्प होतो, गाडी काही विसरत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिंमतराव धुतलेला पांढरा सदरा घालून ओसरीत उभे राहिले. "चाल," म्हणाले. "बँक उघडी व्हई."

सही करताना त्यांनी एकच विचारलं, बँकेच्या बाईंना नाही, बायकोला. "गाडी तुन्हा नाववर ना?" सिंधुबाई म्हणाल्या, "हां." त्यांनी सही केली, नेहमीसारखी लांबलचक, शेवटी रेघ ओढून. मोटारसायकलवरून परत येताना सिंधुबाईंना त्यांची पाठ वेगळी वाटली, ऐकत असलेल्या माणसाची असते तशी.

कागदांना थोडे दिवस गेले. गाडीच्या कागदावर बँकेचा बोजा चढला, त्यावर सिंधुबाईंचं नाव आलं, आणि एका सकाळी पिस्त्याच्या रंगाची गाडी ब्राह्मणपुरीत येऊन अंगणात उभी राहिली. जेठाणीने ओवाळलं, नारळ फोडला. जेठ चाकाला लिंबू बांधता बांधता म्हणाले, "बँकले व्याज भरसू म्हनस! घरनं घरमा लेवाले काय व्हतं?" सिंधुबाईंनी पाया पडून विषय मिटवला. नंतर माहेरच्या देवाला नारळ ठेवायला म्हणून त्या निघाल्या. हिंमतराव टोपी घालून अंगणात आले आणि गाडीपाशी उभे राहिले. आयुष्यात प्रथमच त्या माणसाला कुठं बसायचं ते कळत नव्हतं.

"पुढे बठू का मांगे?" त्यांनी विचारलं.

सिंधुबाईंनी वाकून शेजारचं दार आतून उघडलं.

झोपाळ्यावर इतक्यांदा पार केलेला रस्ता खरा बराच खडबडीत निघाला. शहाद्यात एक म्हैस आडवी आली, एका ट्रॉलीवाल्याने शिवी दिली, गिअर दोनदा किरकिरला. हिंमतराव एका हाताने वरची कडी धरून बसले होते आणि दर वळणावर पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. मळीचा वास आला तेव्हा सिंधुबाईंनी काच खाली केली. दोघांनी तो वास घेतला.

सारंगखेड्याच्या पुढं कडुनिंब दिसू लागला. सिंधुबाईंचा पाय हळूहळू सुटला, गाडी मंद झाली. आणि हिंमतराव, पांढरा सदरा घातलेले, सही केलेले, दोन दिवस गप्प राहिलेले हिंमतराव, समोर रस्त्यावर नजर ठेवून सवयीने म्हणाले, "चाल चाल, येतांना थांबसूत."

बोलून झाल्यावर त्यांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा असा पडला की सिंधुबाईंना त्यांची कीवच आली, आणि हसूही. सिंधुबाईंनी बाजूचा दिवा लावला, आरशात बघितलं, गाडी कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की कडुनिंबाची पानं वाजलेली ऐकू आली.

त्या उतरल्या. बंधाऱ्यामुळे पाणी अडून लांबवर पसरलं होतं, हललं न हललंसं. ऊन त्यावरून सरकत होतं. पलीकडच्या काठावर कुणी धुणं धूत होतं, मुंगीएवढं. सगळं चाललं होतं, सिंधुबाई बघत नव्हत्या त्या सगळ्या वर्षांतही चाललं असणार, आणि याचं त्यांना आज वाईट वाटलं नाही. मागे दार वाजलं. हिंमतराव येऊन शेजारी उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

बराच वेळ गेला. सिंधुबाईंना वाटलं, बिचारा कंटाळला असेल. त्यांनी किल्ली मुठीत घेतली आणि म्हणाल्या, "चाला आते. उशीर व्हई."

हिंमतराव पाण्याकडेच बघत होते.

"थांब ना," ते म्हणाले. "थांब जराशी."